गादी दोघांची, जागरण कोणाचं?

चालत्या गाडीत झोप न लागणारा मराठी माणूस दुर्मिळ आहे. एसटीच्या शेवटच्या बाकावर, जिथे प्रवासी बसलेला कमी आणि उडालेला जास्त असतो, तिथेही तो झोपतो. लोकलमध्ये एक हात कडीत अडकवून उभ्याउभ्या झोपतो. वऱ्हाडाच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मांडीवर दुसऱ्याचं मूल आणि पायांत रुखवताचं खोकं घेऊन झोपतो. मान शेजाऱ्याच्या खांद्यावर पडते, शेजारी ती सभ्यपणे परत करतो, दोन मिनिटांनी ती पुन्हा येते. या झोपेला ना उशी लागते, ना अंधार. आता याच माणसाची स्वतःची गाडी रात्री एखाद्या झाडाखाली उभी करा, मागची सीट आडवी पाडा, तिच्यावर बारा व्होल्टच्या पंपानं फुगवलेली मखमली गादी अंथरा आणि म्हणा, झोप आता आरामात. रात्री दोन वाजता तो गाडीचं छत न्याहाळत पडलेला असतो. धक्के नाहीत, गर्दी नाही, मान धड जागेवर आहे, पाठीखाली सहा इंच हवा आहे. मग अडतंय कुठे? गादी चांगली नव्हती, हे यावरचं रूढ उत्तर आहे आणि त्या उत्तरापोटी लोक दुसरी, जास्त महाग गादी मागवतात. माझं म्हणणं असं, की गादी यात जवळपास निर्दोष आहे. गाडीतल्या झोपेचा प्रश्न अंगाखाली काय आहे हा नसतोच. आपण झोपल्यावर जागं कोण आहे, हा असतो.

पण आधी गादीची बाजू ऐकून घेऊ, कारण तिच्यावर आरोप पुष्कळ होतात. पहिला आरोप, ती आखूड असते. मागच्या सीटवर टाकायची गादी साधारण १३५ सेंटिमीटर लांब असते, म्हणजे साडेचार फुटांच्याही आत. सोबत सीटपुढच्या खड्ड्यात बसवायचे दोन फुगीर ठोकळे मिळतात. खोक्यावरच्या चित्रात एक सडपातळ बाई गुडघे दुमडून गोड हसत झोपलेली असते. ती बाई खोकं उघडल्यावर कोणालाही सापडलेली नाही. पण गादी आखूड आहे कारण गाडी अरुंद आहे. मागच्या दोन्ही सीट पाडून लांबीत झोपायचं म्हटलं, तर तिथे आडवं येतं थेट अर्थ मंत्रालय. २००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं आणि छोटी गाडी कशाला म्हणायचं तेही ठरवून दिलं: लांबी चार मीटरपर्यंत, इंजिन पेट्रोलचं असेल तर १,२०० सीसीपर्यंत आणि डिझेलचं असेल तर १,५०० सीसीपर्यंत. कंपन्यांनी लगोलग गाड्यांची शेपटं छाटली. पुढे उत्पादन शुल्क जाऊन जीएसटी आला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचेही दर बदलले. छोट्या गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के झाले. चार मीटरची रेघ मात्र जागची हलली नाही. त्या चार मीटरांत इंजिन, डॅशबोर्ड आणि पुढच्या सीट बसवून जे उरतं, त्यात साडेपाच फुटी गृहस्थाला तिरकं झोपावं लागतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण अंथरुणाची लांबी दिल्लीत ठरते हे कोणी सांगितलेलं नसतं. दुमडलेले गुडघे हा गादीचा दोष नव्हे, तो गुडघ्यांवरचा अप्रत्यक्ष कर आहे.

दुसरा आरोप, गादी रात्रीतून बसते. पहाटे चारला कंबर सीटच्या बकलाला टेकली, की माणूस मोबाइलचा टॉर्च लावून गादीला कान लावतो आणि कुठे सुस्कारा ऐकू येतो का ते बघतो. बहुतेक वेळा पंक्चर नसतंच. संध्याकाळी ३५ अंशांत भरलेली हवा पहाटे १५ अंशांवर आली, की तिचं आकारमान साडेसहा टक्क्यांनी घटतं. हवा गेलेली नसते, आवरून बसलेली असते. याच्या उलट प्रकार घाट चढताना होतो. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, महाबळेश्वर १,३७० च्या आसपास. वेळ वाचावा म्हणून कोणी पुण्यातच गादी टम्म फुगवून निघाला, तर वर पोचेपर्यंत बाहेरचा दाब नऊ टक्क्यांनी उतरलेला असतो आणि गादी शिवणीतून निघायच्या बेतात असते. त्यात वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचा फोटो पेपरात येण्याचे ते दिवस असले, तर आणखी एक गोष्ट कळते. गादीतली हवा आतल्या आत फिरते आणि अंगाची ऊब खालच्या पत्र्याला नेऊन देते. वरून दोन शाली आणि खालून महाबळेश्वर, अशी रात्र काढायची नसेल तर गादीवर गोधडी टाकावी लागते. तिसरा आरोप जोडप्यांचा. बंदिस्त हवेला एकीकडे दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम. ऐंशी किलोचा नवरा कुशीवर वळला की पंचावन्न किलोची बायको न विचारता वर जाते, आणि तो पाणी प्यायला उठला की ती थेट सीटच्या सांध्यावर उतरते. यातही गादीचं काय चुकलं? तिनं नियम पाळला.

उलट गादी एक काम चोख करते, ते म्हणजे सपाटी. ते काम किरकोळ नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये जपानच्या कुमामोतो भागात भूकंप झाले, तेव्हा घरात झोपायची भीती वाटून असंख्य लोक रात्र रात्र आपापल्या गाड्यांत काढू लागले. सीटवर बसून, पाय खाली सोडून झोपल्यानं त्यांच्यातल्या काहींच्या पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि त्या फुप्फुसापर्यंत गेल्यानं जिवावरही बेतलं. त्यामुळे गाडीत झोपायचंच असेल तर पाय आणि पाठ एका पातळीत हवेत, मधे मधे उठून चालायला हवं आणि पाणी प्यायला हवं, हे तिथले डॉक्टर बजावून सांगत होते. सीटमधले उंचवटे, खड्डे आणि बकलं झाकून गादी ही पातळी देते. तेव्हा गादीला नावं ठेवणाऱ्यांनी जरा आवरतं घ्यावं. ज्या कामासाठी घेतली ते काम ती करते. फक्त झोपेला सपाटी पुरत नाही, ही बातमी गादीच्या खोक्यावर छापलेली नसते.

हवेची गोष्टही तशीच. प्रौढ माणूस दिवसभरात नुसत्या श्वासातून तीन-चारशे मिलिलिटर पाणी बाहेर टाकतो. म्हणजे दोघांनी काचा बंद करून आठ तास काढले, तर दोन कटिंग चहा होतील एवढं पाणी काचांवर जमतं आणि पहाटे त्यातलं थोडं कपाळावर ठिबकतं. काच उघडावी तर डास. आपला डास गादीचा खप बघून थांबलेला नाही. मग काच दोन बोटं खाली, तिच्यावर जाळी, अशी तडजोड होते आणि ती उत्तम चालते. इंजिन चालू ठेवून एसी लावून झोपण्याचा मार्ग मात्र कोणीही धरू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. त्या झोपेतून उठवायला गजर पुरत नाही. एवढं एक सोडलं तर लांबी, पातळी, ऊब आणि हवा यांतला प्रत्येक प्रश्न सुटणारा आहे. तिरकं झोपावं, गोधडी टाकावी, जाळी लावावी. हे सगळं करूनही माणूस दोन वाजता छत बघतोच, आणि खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो.

चालत्या गाडीतल्या झोपेकडे नीट पाहिलं तर दिसतं, की माणूस तिथे आधी पहारेकरी नेमतो आणि मग डोळे मिटतो. ‘पनवेल आलं की उठवा हं,’ असं शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं जातं. त्या शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं, त्याला स्वतःला कुठे उतरायचंय हे विचारलेलं नसतं, पण जबाबदारी सोपवून झाली की पुढच्या मिनिटाला घोरणं सुरू. ड्रायव्हर जागा, कंडक्टर जागा, शेजारी जागा. एका झोपेमागे तीन जागे, इतकी चैन आपल्याला घरीही मिळत नाही. यावर कोणी म्हणेल, हा सगळा हेलकाव्यांचा परिणाम आहे, पहाऱ्याचा नाही. आक्षेप दुबळा नाही. जिनिव्हातल्या संशोधकांनी २०१९ साली १८ तरुणांना रात्रभर हळुवार झुलणाऱ्या पलंगावर झोपवलं, तेव्हा त्यांना लवकर आणि गाढ झोप लागली. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठात २०१८ मध्ये १५ जणांना गाडीसारखी थरथर देणाऱ्या सीटवर बसवलं, तर पंधरा मिनिटांतच पेंग यायला लागली. पाळण्यात वाढलेल्या समाजाला हे सांगायला जिनिव्हा लागत नाही, तरी मान्य. पण मग त्याच गाडीत, त्याच थरथरीत, ड्रायव्हरशेजारी बसलेली व्यक्ती का झोपत नाही? मागे तिघं तोंड उघडी टाकून झोपलेले असतात आणि पुढे डावीकडे बसलेली पत्नी प्रत्येक वळणाला आपल्या पायाखालचा नसलेला ब्रेक दाबत असते. हेलकावे सर्वांना सारखेच मिळतात. विश्वास तेवढा वेगवेगळा. मागच्यांची झोप तिच्या अविश्वासावर चालू असते, हे त्यांना ठाऊक नसतं.

याला विज्ञानाचा आधारही आहे, आणि तो जरा खोडकर आहे. नव्या जागी पहिल्या रात्री झोप लागत नाही, हे सासरी आलेल्या प्रत्येक मुलीला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. २०१६ मध्ये अमेरिकेच्या ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं कारण शोधलं. अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचे दोन्ही अर्धे सारखे झोपत नाहीत. डावा अर्धा त्या मानानं सावध राहतो आणि वेगळा आवाज झाला की चटकन दखल घेतो. बदकं आणि डॉल्फिन अर्ध्या मेंदूनं झोपतात हे माहीत होतं; मनुष्यप्राणीही पाहुणा म्हणून गेला की थोडंफार तेच करतो, असं निघालं. दुसरा कोणी जागा नसेल तर मेंदू घरातल्याच एकाला ड्यूटी लावतो. यावर गादीवाला म्हणेल, मग दुसऱ्या रात्री लागेल की झोप. प्रयोगशाळेत पुढच्या खेपेला तो फरक नाहीसा झाला खरा, पण प्रयोगशाळेला चाकं नव्हती. गाडीतल्या मुक्कामाची गंमत हीच, की आज हरिहरेश्वर, उद्या गुहागर, परवा मालवण. गादी तीच, उशी तीच, पण काचेबाहेरचं पान पडल्याचा आवाज रोज वेगळा. गाडीत झोपणाऱ्याची प्रत्येक रात्र पहिलीच असते आणि डाव्या मेंदूला साप्ताहिक सुट्टी मिळत नाही.

इथे ट्रकवाल्यांचा दाखला हमखास दिला जातो. ते नाही का वर्षानुवर्षं केबिनमध्ये झोपत? त्यांना कुठली आलीय मखमली गादी? दाखला बरोबर आहे, पण तो माझ्याच बाजूनं साक्ष देतो. एकटा ट्रक निर्जन माळावर सहसा दिसत नाही. डिझेल चोरीला जाईल, ताडपत्री फाडून माल जाईल, ही भीती त्यांना आपल्यापेक्षा जास्त असते, म्हणून ते ढाब्यावर ओळीनं लागतात. तिथे रात्रभर चहा उकळत असतो, गल्ल्यावर कोणीतरी बसलेलं असतं, दर तासाला एखादा ट्रक येतो-जातो. त्या गोंगाटात ड्रायव्हर केबिनमागच्या फळीवर गाढ झोपतो, कारण तो गोंगाट म्हणजे जागं असल्याची पावती. मुक्कामी एसटीचंही असंच. १९४८ च्या जूनमध्ये नगर-पुणे मार्गावर पहिली एसटी धावली, आणि पुढे ती जिथे जिथे रात्रीची वस्तीला राहू लागली तिथे तिथे ड्रायव्हर-कंडक्टर बसमधल्या बाकांवर वळकटी पसरून निजले. बाकाची रुंदी त्यांच्या पाठीला पुरत नव्हती, तरी झोप पुरत होती, कारण ती बस साऱ्या गावाची होती. पहाटेची गाडी चुकली तर तालुक्याचं काम बुडणार, म्हणून गावाचा निम्मा कान बसकडे असे. आणि कोंबडा आरवायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा कोणीतरी येणारच, हेही ठरलेलं. गजर लावायची गरज नव्हती.

दुसरा आक्षेप कुलपाचा. गाडीला सेंट्रल लॉक आहे, मग पहारा कशाला? कुलूप बाहेरच्याला अडवतं हे खरं, पण ते जागं राहत नाही. आणि आधुनिक गाडीत तर त्याला आतला आणि बाहेरचा यांतला फरकही कळत नाही. आत झोपून रिमोटनं गाडी बंद केली आणि मध्यरात्री लघवीला म्हणून आतून दार उघडलं, की कित्येक गाड्यांचा हॉर्न बोंबलायला लागतो. मालकच चोर ठरतो आणि अनवाणी, अंधारात, गादीच्या घडीत हरवलेली किल्ली शोधत बसतो. शेजारच्या तंबूतले लोकही या वेळेपर्यंत उठलेले असतात, त्यामुळे पहारा देणारे अखेर मिळतात, पण अवेळी. सरकारी पहाऱ्याची तऱ्हा आणखी न्यारी. गस्तीचा हवालदार काचेवर काठी वाजवतो आणि विचारतो, ‘काय चाललंय?’ झोपलो होतो, हे उत्तर द्यायला जागं व्हावं लागतं. शिवाय सोबत बायको असली तर ती बायकोच आहे, हे तिच्या चेहऱ्यावरच्या वैतागावरून ओळखण्याचा अनुभव हवालदाराजवळ असावा लागतो. आपल्यासाठी जागा असलेला तो एकमेव शासकीय माणूस, आणि नेमका तोच आपल्याला उठवतो.

आता शेवटचा आक्षेप, तोही घरातल्या ज्येष्ठांचा: एवढं होतंय तर गप लॉजवर का जात नाही? विचार करण्याजोगा प्रश्न आहे, कारण लॉजची गादी पाहिलेल्या माणसाला फुगवायची गादी राजेशाही वाटेल. तिच्या मधोमध आधीच्या सगळ्या गिऱ्हाइकांचा मिळून एक खड्डा झालेला असतो, उशीतला कापूस एका कोपऱ्यात गोळा होऊन बसलेला असतो आणि पंख्याला एकच वेग असतो. तरी तिथे झोप लागते. कारण खाली काउंटरमागे बनियनवर बसून डुलक्या काढणारा एक पोरगा असतो आणि दारावर थाप पडली तर आधी त्याच्या दारावर पडते. लॉजमालक गादीचे पैसे घेतोय असं आपल्याला वाटतं. खरे पैसे त्या पोराच्या अर्धवट जागरणाचे असतात. जपान्यांनी हे ओळखून रस्त्याकडेला ‘मिचि नो एकि’ नावाची विसाव्याची ठाणी १९९३ पासून उभी केली आणि आता त्यांची संख्या हजाराच्या वर आहे. चोवीस तास पार्किंग, चोवीस तास उजेड, चोवीस तास स्वच्छतागृह. गादी ते देत नाहीत, मुक्काम टाकू नका असंही सांगतात, डुलकी काढायला हरकत नाही म्हणतात. तरी रात्री तिथे गाड्यांत झोपलेली माणसं सापडतातच. आपल्या जुन्या गावगाड्यातही हे शहाणपण होतं. जागल्या रात्री गस्त घाली. शहरात वॉचमन फरशीवर काठी आपटत, शिट्टी वाजवत फिरू लागला. ‘जागते रहो’ ही आरोळी खणखणीत ऐकू आली, की लोक निर्धास्तपणे कूस बदलून झोपत आणि ती ऐकू आली नाही तर उठून बसत. आज्ञेचं इतकं उघड उल्लंघन करूनही कोणाला शिक्षा झाल्याचं ऐकिवात नाही, कारण आज्ञा देणाऱ्यालाही कळत होतं की ती झोपेचीच हमी आहे.

तेव्हा गादी जरूर घ्यावी. ती पूर्ण टणक न फुगवता थोडी सैल ठेवावी, खाली-वर गोधडी घालावी, चढावर गाडी असेल तर डोकं वरच्या बाजूला करावं, काचा दोन बोटं उघड्या ठेवाव्यात, इंजिन बंद करावं, दारं रिमोटनं न लावता आतून हातानं लावावीत. पण त्याआधी जागा निवडताना देखाव्याकडे नव्हे, दिव्याकडे बघावं. देवस्थानाचं आवार, रात्रभर चालणारा पेट्रोलपंप, ट्रकांची ओळ लागलेला ढाबा. तिथल्या माणसाला विचारून, चहा घेऊन, ‘इथेच झोपतोय हां’ एवढं सांगून ठेवावं. समुद्राचा देखावा सकाळीही तिथेच असतो, तो पळून जात नाही. आणि असा कोणी बाहेर मिळाला नाही, तरी गाडीतल्या दोघांपैकी एकाला झोप येणार नाही, हे निसर्गानंच योजून ठेवलंय. सकाळी त्यानं किंवा तिनं डोळे चोळत ‘मला मेलं रात्रभर झोप नाही’ अशी तक्रार केली, तर दुसऱ्यानं ‘गादी बदलू’ असं उत्तर देऊ नये. मुकाट्यानं आधी त्या व्यक्तीला चहा आणून द्यावा, कारण आपली सहा तासांची गाढ झोप पंपानं भरलेली नव्हती. ती समोर बसून जांभया देत आहे.